पाणी सगळ्यांचं, वेळ कुणाची?

नदी सकाळी चालू करून रात्री बंद करता येते का? "काहीतरीच काय!" असं म्हणू नका. लंडनच्या उत्तरेला वॉल्थम क्रॉस नावाचं गाव आहे, तिथे अशी एक नदी आहे. बटण दाबलं की मोठमोठे पंप घुरघुरायला लागतात. तळ्यातलं पाणी उचलून वरच्या टोकाला नेतात आणि तिथून ते ३०० मीटर लांबीच्या बांधीव नाल्यातून उड्या मारत, फेसाळत, साडेपाच मीटर खाली उतरून परत तळ्यात येतं. दर सेकंदाला दहा हजार लिटरहून जास्त पाणी! आपल्याकडे उन्हाळ्यात येणारा मोठा टँकर साधारण दहा हजार लिटरचा असतो. म्हणजे प्रत्येक सेकंदाला एक टँकर रिकामा होतोय असं समजा. बटण बंद केलं की थोड्या वेळात सगळं चिडीचूप.

या जागेचं नाव ली व्हॅली व्हाइट वॉटर सेंटर. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कनू स्लॅलम नावाचा खेळ इथे झाला. (काही जण 'कॅनो' लिहितात, पण म्हणायचं 'कनू' बरं का.)

आता हा खेळ काय आहे? १९३३ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या काही मंडळींना वाटलं, बर्फावर काठ्यांमधून नागमोडी वळणं घेत घसरतात तसं पाण्यावर का करू नये? सुरुवात झाली ती संथ पाण्यावर. पण संथ पाण्यात काय मजा? लवकरच सगळे खळाळत्या नद्यांकडे वळले. आज नाल्यावर दोरखंडांना अठरा ते पंचवीस 'दारं' टांगलेली असतात. दार म्हणजे फक्त दोन दांडे, पाण्याच्या जरासे वर लोंबकळणारे. हिरव्या-पांढऱ्या दारातून प्रवाहाबरोबर जायचं. लाल-पांढऱ्या दारातून मात्र प्रवाहाच्या उलट दिशेला, पाण्याशी झुंजत वर चढायचं. दांड्याला नुसता खांदा चाटून गेला तरी २ सेकंद दंड. दार चुकलं तर ५० सेकंद, म्हणजे खेळ खलास! २०१२ साली याच नाल्यावर ब्रिटनच्या दोन जोड्यांनी सुवर्ण आणि रौप्य मिळवलं. टिम बेली आणि एटिएन स्टॉट पहिले, डेव्हिड फ्लॉरेन्स आणि रिचर्ड हाउन्सलो दुसरे. दोन्ही जोड्यांत फरक अर्ध्या सेकंदाहूनही कमी होता.

इथवर सगळं छान. पण या आठवड्यात मला तुम्हाला सांगायची आहे ती भानगड वेगळीच आहे.

पंप फुकट चालत नाहीत. विजेचं बिल येतं, आणि ते घरच्या बिलासारखं नसतं. पाणी स्वच्छ ठेवावं लागतं, जीवरक्षक ठेवावे लागतात, दुरुस्त्या असतात. हा पैसा आणायचा कुठून? सोपा मार्ग म्हणजे राफ्टिंग. एका फुगवलेल्या तराफ्यात सहा-आठ माणसं बसतात, किंचाळतात, भिजतात, खूश होऊन जातात आणि प्रत्येकजण चांगले पैसे मोजतो. त्याच वेळेत, त्याच पाण्यावर तेरा वर्षांची एखादी मुलगी आपली छोटी होडी घेऊन एकच दार वीस वेळा घोटवत असते. तिच्याकडून मिळणार किती? हिशेबाच्या वहीत तराफा जिंकतो, मुलगी हरते.

दोघांनी एकदम का नाही खेळायचं, असं तुम्ही म्हणाल. तराफा असतो दोन-अडीच मीटर रुंद आणि त्याला ब्रेक नसतो. टांगलेल्या दांड्यांना तो धडकणार, म्हणून राफ्टिंगच्या वेळी दारं दोरीने वर ओढून ठेवावी लागतात. दारं वर गेली की स्लॅलमचा सराव बंद. शिवाय स्लॅलमवाल्याला नुसतं खाली वाहत जायचं नसतं. मोठ्या अडथळ्यामागे पाणी जरा शांत होऊन उलटं फिरतं, त्या पाण्यात शिरायचं, थांबायचं, वळायचं, पुन्हा वर यायचं. मध्येच वरून आठ माणसांचा तराफा आला तर? तेव्हा वेळ वाटून घेण्यावाचून इलाज नाही. आणि वाटणी म्हटली की प्रश्न आलाच. शनिवार-रविवार कुणाचा? शाळा सुटल्यानंतरचे तास कुणाचे? आणि डिसेंबरातली, दात वाजवणारी सकाळी सातची वेळ कुणाच्या माथी मारायची?

तुमच्या ओळखीचंच आहे की नाही हे? नगरपालिकेच्या मैदानावर बॅट घेऊन जावं तर तिथे लग्नाचा मांडव. पुढच्या आठवड्यात साड्यांचं प्रदर्शन. भाडं मिळतं, ते काही वाईट नाही. पण मैदान ज्यांच्यासाठी राखलं ती पोरं कुंपणाबाहेर.

आता हे बघा, की हा नाला बांधला कुणी. ली व्हॅलीला सुमारे ३ कोटी १० लाख पौंड खर्च आला आणि त्यातला बहुतेक पैसा सार्वजनिक होता. तो चालवणाऱ्या ली व्हॅली उद्यान प्राधिकरणाची स्थापना पार्लमेंटच्या १९६६ च्या कायद्याने झाली. लंडन, एसेक्स आणि हर्टफर्डशर इथल्या लोकांच्या घरपट्टीतून या प्राधिकरणाला वाटा मिळायची सोय त्याच कायद्यात केलेली आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीची गोष्ट तर आणखी मजेशीर. तिथल्या लोकांनी डिसेंबर २००९ मध्ये मत देऊन स्वतःवरच विक्रीकर लावून घेतला, डॉलरमागे एक सेंट. त्यातून शहरात कितीतरी गोष्टी झाल्या, त्यात एक पंपाची नदीही होती. ती २०१६ साली सुरू झाली. म्हणजे त्या शहरात ज्या पोराने दुकानातून पेन्सिल घेतली, त्यानेही त्या नदीत आपला थेंब टाकला! आणि २०२८ चं ऑलिंपिक आहे लॉस एंजेलिसला, पण स्लॅलमच्या शर्यती ठरल्या आहेत या ओक्लाहोमा सिटीला, सुमारे १९०० किलोमीटर लांब. तयार नाला असताना नवा कशाला बांधायचा, असा साधा विचार. मला तो आवडला.

पैसा सगळ्यांचा असेल तर हक्क सगळ्यांचा, हे उघड आहे. पण 'सगळे' म्हणजे कोण? जन्मात एकदाच तराफ्यात बसायला येणारी आजीबाईसुद्धा 'सगळे'तच येते, कारण तिनेही घरपट्टी भरलेली असते. म्हणून राफ्टिंगवाल्यांना खलनायक करून टाकणं मला पटत नाही. त्यांच्या तिकिटांवर पंप फिरतात. ते गेले तर स्लॅलमवाल्यांनाही कोरड्या नाल्यात बसावं लागेल. अथेन्सला काय झालं पाहा. २००४ च्या ऑलिंपिकसाठी त्यांनी चक्क समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा नाला बांधला. खेळ झाले, पाहुणे गेले आणि नाला ओसाड पडला. तिथे कुणी कुणाची वेळ पळवली नाही. वेळच उरली नाही!

उलट रिओमध्ये, २०१६ च्या ऑलिंपिकआधीच, देओदोरो भागातला स्लॅलमचा तलाव वस्तीतल्या लोकांना पोहायला खुला केला होता. समुद्रकिनारा तिथून लांब, ऊन मरणाचं. पोरांनी काय धमाल केली असेल! ऑलिंपिकनंतर तो काही काळ बंद पडला, तेव्हा त्या पोरांना काय वाटलं असेल याची कल्पना सुट्टीत तलाव बंद असलेल्या कुठल्याही मुलाला करता येईल.

मग स्लॅलमवाल्या मुलांचं म्हणणं वेगळं का ऐकायचं? कारण आजीबाईला हे पाणी नाही मिळालं तर ती दुसरीकडे कुठेतरी सहलीला जाईल. स्लॅलमच्या मुलाला मात्र दुसरी जागा नसते. १९७२ साली हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तो म्युनिकच्या वेळी, आउग्सबुर्ग शहरात. तिथला नाला लेख नदीच्या पाण्यावर चालतो, पंप नाहीत. पूर्व जर्मनीच्या संघाने काय केलं ठाऊक आहे? आपल्याकडच्या त्स्विकाउ गावी त्या नाल्याची हुबेहूब नक्कल बांधली आणि तीवर सराव केला. मग आउग्सबुर्गला जाऊन चारही सुवर्णपदकं खिशात घातली. योग्य पाण्यावर सराव मिळण्याची किंमत ही अशी! (त्यानंतर हा खेळ वीस वर्षं ऑलिंपिकमधून गायब होता. नाले बांधणं महाग पडतं, हेच मोठं कारण. १९९२ साली तो स्पेनमधल्या ला सेउ द'उर्झेल इथे परत आला. तिथले पंप उलटे फिरवून वीजही तयार करता येते. हुशार लोक!)

आणखी एक नाव लक्षात ठेवा: ताकुया हानेदा. जपानमधल्या तोयोता शहरात जन्मलेला मुलगा. त्या वेळी जपानमध्ये बांधीव नाला नव्हता. शाळा संपल्यावर हा पठ्ठ्या थेट स्लोव्हाकियाला गेला. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. पण तिथे या खेळाची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा होती. २०१६ साली रिओत त्याने कांस्यपदक मिळवलं, आणि स्लॅलममधलं आशियाचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. टोकियोने पुढे कासाई इथे सार्वजनिक पैशाने नाला बांधला. हानेदासारखा एखादाच सातासमुद्रापार जाऊ शकतो. जाऊ न शकलेल्या मुलांची नावं कुणालाच ठाऊक नसतात.

त्याच रिओत सुवर्ण मिळवणाऱ्या ब्रिटनच्या जो क्लार्कची सुरुवात झाली ती स्टोन नावाच्या गावी, ट्रेंट नदीच्या छोट्याशा वाहत्या तुकड्यावर. स्काउटमध्ये असताना त्याला होडीची गोडी लागली आणि मग तो तिथल्या क्लबात जायला लागला. आधी गावातलं साधं पाणी, मग मोठ्या नाल्यावर मोजके का होईना पण ठरलेले तास. ही शिडी आहे. मधली एक पायरी काढून घेतली, किंवा तिची किंमत वाढवून ठेवली, की खालचा मुलगा खालीच राहतो. वर जातो तो ज्याच्या वडिलांना परवडतं तो.

मला विचाराल तर वाटणी अशी हवी. संध्याकाळचे काही तास आणि सुट्टीतला एक तरी अर्धा दिवस क्लबच्या मुलांसाठी राखून ठेवावा, आणि तो आयत्या वेळी कुणा कंपनीच्या सहलीला देऊ नये. मुलांचे दर कमी असावेत. वेळापत्रक महिनाभर आधी लागावं, कारण लांबून होडी गाडीच्या टपावर बांधून येणारी माणसं असतात. आणि हिशेब उघडा ठेवावा: पंपाचं बिल इतकं, राफ्टिंगचे आले इतके, मुलांना दिले इतके तास. हिशेब भिंतीवर लागला की निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी समोरासमोर बसून करता येतात, तीही काही वाईट गोष्ट नाही.

आई-बाबांपैकी कुणी म्हणेल, "हे सगळं परदेशातलं, आमच्या पोरांना काय त्याचं?" तर कोलाडला चला. रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालतं ते कुणाच्या पाण्यावर? मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं आणि कुंडलिकेत सोडलं जातं. सकाळी पाणी सुटलं की तराफे निघतात, थांबलं की दगड वर येतात. तीही एक प्रकारे चालू-बंद होणारी नदीच! (मुळशीच्या पाण्यावरून १९२१ साली सेनापती बापटांनी शेतकऱ्यांचा सत्याग्रह केला होता, तो धडा इतिहासात येतो. पाणी कुणाचं, हा प्रश्न आपल्याकडे काही नवा नाही.) आणि कनू स्लॅलम बघायचा असेल तर मध्य प्रदेशात महेश्वरजवळ नर्मदेच्या सहस्रधारेला जा. तिथे खडकांमधून नर्मदेच्या खरोखरच असंख्य धारा होतात. २०२३ साली खेलो इंडियाच्या युवा स्पर्धांमधल्या स्लॅलमच्या शर्यती तिथेच झाल्या. पंप नाही, बटण नाही.

आता एक काम. तुमच्या गावातल्या किंवा शहरातल्या सार्वजनिक तलावाचं नाहीतर मैदानाचं वेळापत्रक जाऊन वाचा. बहुतेक ठिकाणी ते तिकीटखिडकीजवळ लावलेलं असतं. शाळा सुटल्यानंतरचे दोन तास कुणाच्या नावावर आहेत आणि मुलांचा पास केवढ्याला आहे, एवढंच वहीत उतरवून घ्या आणि मला पत्राने कळवा. वेळापत्रकच लावलेलं नसेल, तर तेही लिहा.