आरोपपत्राविना देहदंड

३० सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेने येमेनमध्ये ड्रोनहल्ला करून अन्वर अल-अवलाकी या आपल्याच नागरिकाला ठार मारले. अमेरिकेत त्याच्यावर ना आरोपपत्र होते, ना खटला. तो दहशतवादी कटांचा सूत्रधार होता, असे सरकार म्हणते. पण ते सिद्ध कोठे झाले? पित्याची याचिका न्यायालयाने २०१० मध्येच गुणदोषांत न शिरता फेटाळली होती. हल्ल्यानंतर दोनच आठवड्यांनी त्याचा सोळा वर्षांचा मुलगाही तसाच मारला गेला. तो आमचे लक्ष्य नव्हता, एवढाच सरकारी खुलासा! चालून येणाऱ्या सशस्त्र माणसाला रोखणे वेगळे. गुप्त यादीतील नावाला देहदंड देणे वेगळे. फिर्यादी, न्यायाधीश आणि जल्लाद एकच झाले की नागरिकाचा जगण्याचा हक्क ही सरकारची मेहेरबानी ठरते. लोकशाहीवाद्यांनी हे कदापि मान्य करता कामा नये.