चाच्यांना बुजगावणं दाखवणारे

जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबायच्या, वर हेल्मेट चढवायचं आणि ते बुजगावणं जहाजाच्या कठड्याशी उभं करायचं. लांबून बघणाऱ्या चाच्यांना पहाऱ्यावर जास्त माणसं दिसावीत म्हणून! हे मी रचलेलं नाही. सोमाली चाच्यांपासून व्यापारी जहाजांनी कसं वाचावं हे सांगणारी ‘बेस्ट मॅनेजमेंट प्रॅक्टिसेस’ नावाची पुस्तिका जहाजधंद्यातल्या संघटनांनी काढली. 2011 सालच्या तिच्या चौथ्या आवृत्तीत बुजगावण्याचा सल्ला आहे. पुस्तिकेशी माझं भांडण नाही. ती जाणत्या माणसांनी लिहिली आहे. भांडण आहे ते तिच्यातली बिनखर्चाची पानं तेवढी उघडणाऱ्या मालकांशी.

त्याच पुस्तिकेत वेगाबद्दल काय लिहिलंय? 18 नॉटांपेक्षा जास्त वेगानं जाणाऱ्या जहाजावर चाचे चढल्याची एकही नोंद नाही. पाण्यापासून डेकपर्यंतची उंची 8 मीटरच्या वर असेल तर चढणं फार अवघड. म्हणजे चाच्यांना काय हवं ते उघड आहे: माल ठासून भरलेलं, पाण्यात खोल बसलेलं, रखडत चाललेलं जहाज. आणि मालकाला काय हवं असतं? अगदी तेच! इंधनाचा खप वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात चढतो. म्हणून 12-13 नॉटांवर जहाज ढकलायचं आणि पैसे वाचवायचे. चाच्यांची स्किफ, म्हणजे दणकट इंजिन लावलेली उघडी होडी, 25 नॉटांनी मागून येते. आकडे लावलेली हलकी शिडी कठड्याला अडकते आणि काही मिनिटांत एके-47 घेतलेली पोरं ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या खोलीत, उभी असतात.

आता काटेरी तार. चाच्यांचा वावर असलेल्या एडनच्या आखाताआधी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आणि त्याची माणसं तारेची भेंडोळी डेकवर काढतात. भेंडोळं सोडलं की ते स्प्रिंगसारखं उसळतं, जाड हातमोज्यातूनही पातं शिरतं. ते कठड्याच्या बाहेरून, लोंबकळत, पूर्ण जहाजाभोवती बांधायचं, तेही भर उन्हात, तापलेल्या लोखंडावर. मग फायर होज कठड्याला जखडायचे आणि पंप चालू ठेवायचे. मग जादा पहारा. जादा पहाऱ्याला माणसं कुठून आणायची? जहाजावर सगळे मिळून वीस-बावीस जण. त्यांच्या नेहमीच्या पाळ्या सुटत नाहीत. दिवसभर तार बांधलेला खलाशी रात्री दुर्बीण डोळ्याला लावून उभा राहतो, आणि त्याच्याकडून अपेक्षा ही की काळोखात, लाटांमध्ये, रडारवर धड न दिसणारी होडी त्यानं ओळखावी. सहा महिन्यांच्या कंत्राटावरच्या माणसाच्या अंगावर सगळं संरक्षण टाकून मालक आणि विमावाले मोकळे. याला व्यवस्थापन म्हणतात? मी याला हरामखोरी म्हणतो.

यातल्या कोणत्याही उपायाला मी टाकाऊ म्हणत नाही. तार लावाच, पाणी सोडाच. त्यानं चाच्याला उशीर होतो आणि तेवढ्यात नौदलाला निरोप जातो. पण उशीर म्हणजे संरक्षण नव्हे. चाच्याला खरी जरब बसली ती बंदुकीची. हत्यारबंद रक्षक असलेलं एकही जहाज सोमाली चाच्यांना पळवून नेता आलं नाही. 2010 साली त्यांनी 49 जहाजं पळवली होती. रक्षक वाढले, नौदलांची गस्त वाढली आणि दोन-तीन वर्षांत तो धंदा बसला. मग मालकांनी काय केलं? धंदा बसवणाऱ्या रक्षकांनाच घरी पाठवलं. आधी चाराच्या पथकाचे तीन केले, मग खर्चच छाटला. 2023 च्या 1 जानेवारीला जहाजधंद्यानं हिंदी महासागरातलं ‘अतिधोक्याचं क्षेत्र’ अधिकृतपणे मोडीत काढलं. त्याच वर्षी डिसेंबरात चाच्यांनी एमव्ही रुएन पळवलं. ते सोडवायला मार्च 2024 मध्ये भारतीय नौदलाची आयएनएस कोलकाता गेली, सी-17 विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, 17 खलाशी सुटले आणि 35 चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले गेले. रक्षकांचा पगार मालकानं वाचवायचा आणि युद्धनौकेचं बिल तुम्ही-आम्ही भरायचं!

रक्षक म्हणजे नावापुरते नव्हेत. 2008 च्या नोव्हेंबरात बिस्कालिया या टँकरवर तीन माजी ब्रिटिश सैनिक रक्षक म्हणून होते. हत्यार म्हणून त्यांच्याकडे कान फोडणारा आवाज करणारं यंत्र. चाचे गोळ्या झाडत वर चढले, रक्षकांनी समुद्रात उड्या टाकल्या, त्यांना हेलिकॉप्टरनं उचललं. मागे ओलीस राहिले ते खलाशी, आणि त्यांतले बहुतेक भारतीय. त्या तिघांना मी दोष देणार नाही. दोष त्यांचा, ज्यांनी त्यांना रिकाम्या हातांनी तिथे उभं केलं.

दुसऱ्या टोकाला बसलेत चर्चेतले वाघ. प्रत्येक खलाशाच्या हाती बंदूक द्या म्हणतात! आयुष्यात बंदरापलीकडे न गेलेल्या माणसाला समुद्रावर गोळ्या झाडणं फार सोपं वाटतं. 15 फेब्रुवारी 2012 विसरलात का? केरळच्या किनाऱ्यापासून साधारण 20 सागरी मैलांवर एनरिका लेक्सी या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी ‘सेंट अँटनी’ या मासेमारी बोटीला चाचे समजून गोळ्या घातल्या. दोन निरपराध मच्छीमार मेले. खटला न्यायाधिकरणांतून फिरत राहिला आणि 2021 मध्ये 10 कोटींच्या भरपाईवर सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला. गोळी झाडणारे प्रशिक्षित नौसैनिक होते. तिथे गंज काढणाऱ्या, रंग मारणाऱ्या पोराच्या हाती रायफल दिली तर काय होईल? आपल्या रत्नागिरी-मालवणच्या ट्रॉलरवाल्यांना विचारा, ते सांगतील. बंदूक प्रशिक्षित रक्षकाच्याच हाती हवी, गोळी कधी झाडायची याचे नियम लेखी हवेत, आणि चुकलं तर जबाबदार कोण हे जहाज सुटण्यापूर्वी ठरलेलं हवं.

राहिली सिटाडेल. चाचे वर आलेच तर सगळ्यांनी आत जाऊन दारं लावायची ती भक्कम जागा, बहुधा इंजिन रूम किंवा स्टिअरिंग गिअरची खोली. ही युक्ती चालते. 2010 साली तैपान जहाजावरचे खलाशी आत सुरक्षित होते म्हणून डच नौसैनिकांना बेधडक उतरता आलं. जानेवारी 2024 मध्ये लीला नॉरफोकवरचे 21 जण, त्यांत 15 भारतीय, असेच सुखरूप सुटले. पण अटी कडक आहेत: एकही माणूस बाहेर राहता कामा नये, इंजिनाचा ताबा आतून हवा, आणि बाहेरच्या जगाशी बोलायला स्वतंत्र फोन हवा. मुख्य म्हणजे कुणीतरी वेळेत यायला हवं. 2011 च्या जानेवारीत बेलुगा नॉमिनेशनवरचे खलाशी आत दोन दिवसांहून जास्त काळ वाट बघत बसले. कुणी पोचलं नाही. चाच्यांनी आश्रय फोडला आणि त्यांतले काही खलाशी जिवंत परतले नाहीत.

कुणी यावं, हा तर सगळ्यात लाजिरवाणा प्रश्न. मालक एका देशाचा, झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, माल तिसऱ्याचा, खलाशी आपले. नफ्याच्या वेळी सगळे हक्कदार, ओलिसाच्या वेळी कुणीच नाही. आइसबर्ग-1 चे खलाशी मार्च 2010 ते डिसेंबर 2012 चाच्यांच्या ताब्यात कुजले, कारण मालकानं हात वर केले होते. अस्फाल्ट व्हेंचर या जहाजाची खंडणी एप्रिल 2011 मध्ये पोचली, तरी चाच्यांनी सात भारतीयांना अडकवून ठेवलं, कारण त्यांचे साथीदार भारताच्या तुरुंगात होते. ते सात जण ऑक्टोबर 2014 मध्ये सुटले. खंडणी पोचल्यावरही साडेतीन वर्षं! त्यांच्या घरच्यांनी किती उंबरे झिजवले असतील?

‘धोकादायक भागात जायला खलाशी नकार देऊ शकतो’ हे उत्तर मला कुणी देऊ नये. काही करारांत हा हक्क आहे, जादा पगारही आहे. पण कोर्ससाठी कर्ज काढून, एजंटाच्या दारात महिनोन्‌महिने बसून पहिली बोट मिळवलेला देवगडचा पोरगा कप्तानाला ‘मी जात नाही’ म्हणेल? म्हणाला तर दुसरी बोट त्याला कोण देईल? नकार देण्याचं काम सरकारचं आहे. खलाशी पाठवणाऱ्या एजन्सींना परवाना देणारं नौवहन महासंचालनालय मुंबईतच बसतं. हत्यारबंद रक्षक, नियमांत बसणारी सिटाडेल आणि ओलीस काळातल्या पगाराची लेखी हमी नसेल, तर सोमालियाच्या वाटेनं जाणाऱ्या जहाजावर एकही भारतीय पाठवू नका. मालक ओरडतील. ओरडू द्या. भारतीय हात मिळाले नाहीत की रक्षकांसाठी पैसे कुठून आणायचे ते त्यांना आपोआप सुचेल.