वाइनरी चालते, कावीळ चालते, फक्त 'दारू' हा शब्द चालत नाही

आज थोडं भांडायला आले आहे. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. (चहाच म्हटलंय.)

मुद्दा आधी सांगते, म्हणजे शेवटी "काकू, तुम्हाला नक्की म्हणायचंय काय?" असं कुणी विचारायला नको. आपल्या घरांमध्ये, मग ती बडोद्याची असोत, इंदूर-ग्वाल्हेरची की बेळगावची, दारूबद्दल दोन कायदे आहेत. विमानात बसल्यावर एक आणि उतरल्यावर दुसरा. अमेरिकेत लेकीकडे गेलं की ती 'वाइन टेस्टिंग' असते, संस्कृती असते, अनुभव असतो. घरी आलं की त्या गोष्टीचं नावसुद्धा काढायचं नाही. या दोन कायद्यांच्या फटीत आपल्याच घरातली माणसं मरतात. भांडण त्याच्याशी आहे.

मागच्या वर्षी आम्ही दोघं लेकीकडे ॲरिझोनात होतो, फीनिक्सजवळ. त्याच वेळी इंदूरच्या नणंदबाई आणि आमचे भाऊजीही आले होते. ॲरिझोना म्हणजे वाळवंट. माणसापेक्षा उंच निवडुंग आणि उन्हाळ्यात ४५ अंशाच्या वर पारा. जावईबापू म्हणाले, "इथे द्राक्षं पिकतात, वाइनरी बघायला जाऊ." आमच्या ह्यांना वाटलं थट्टा चाललीय. कच्छच्या रणात कुणी आंब्याची बाग दाखवतो म्हटल्यासारखं!

पण तीन तासांवर विलकॉक्स नावाचं गाव आहे, ते सुमारे ४,२०० फुटांवर. म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरची उंची, फक्त स्ट्रॉबेरी नाही आणि धुकंही नाही. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा, आणि हा फरक वाइनच्या द्राक्षाला मानवतो. ॲरिझोना विद्यापीठातले मृदाशास्त्रज्ञ गॉर्डन डट यांनी १९७० च्या दशकात माती तपासून, प्रयोगाच्या बागा लावून हे दाखवून दिलं. १९८४ मध्ये सोनोइटा भागाला अधिकृत द्राक्षप्रदेशाचा दर्जा मिळाला, २०१६ मध्ये विलकॉक्सला, २०२१ मध्ये व्हर्डे व्हॅलीला. तिथल्या यावापाई कॉलेजात तर द्राक्षशेती आणि वाइन बनवण्याचा रीतसर अभ्यासक्रम आहे. रॅकेटबॉल खेळायच्या जागेत त्यांनी वाइनरी उभी केली. मुलं तिथे शिकतात, परीक्षा देतात. आपल्याकडे असा अभ्यासक्रम केलेल्या मुलाचं स्थळ आलं तर बायोडेटात काय लिहितील? "फूड प्रोसेसिंग."

आता आमची टेस्टिंग. दारातच त्या मुलीने माझं ओळखपत्र मागितलं. २१ पूर्ण आहेत का बघायला! मी ६८ वर्षांची. इतका मान लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. मग पाच ग्लास समोर, प्रत्येकात दोन-तीन चमचे. घोटभर चव घ्यायची, ती मुलगी सांगणार की यात चेरी आहे, मिरी आहे, चामड्याचा हलका वास आहे. आमचे हे लगेच, "चामडं? कोल्हापुरी का बूट?" जावईबापूंनी भाषांतर करायला नकार दिला.

टेबलावर एक भांडं होतं. लोक चव घेऊन उरलेली त्यात ओतत होते, काही जण चक्क थुंकत होते. भाऊजी हैराण. "अरे भिया, पैसे देऊन थुंकायचं? आमच्या इंदूरला थुंकलं तर वरून दंड घेतात!" देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहराचा माणूस, त्याला ती पिकदाणी सहन होईना. शेवटी त्यांनी पिशवीतून इंदुरी सेव काढली आणि पांढऱ्या माल्वाझियाबरोबर सगळ्यांना वाटली. वाइन ओतणाऱ्या मुलीने ती तीनदा मागितली. माझे थेपले कुणी विचारले नाहीत, असो.

जावईबापू मात्र पूर्ण वेळ पाणी पीत बसले होते, कारण गाडी तेच चालवणार. ॲरिझोनात पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच गुन्ह्यात तुरुंगवास ठरलेला, आणि नंतर गाडीत असं यंत्र बसवतात की त्यात फुंकर मारून शुद्धीवर असल्याचं सिद्ध केल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. म्हणजे तिथली माणसं साधुसंत आहेत असं नाही. पिऊन धडकणारे तिथेही आहेत, म्हणून तर कायदा इतका कडक. पण कोण पिणार, किती पिणार, कोण गाडी चालवणार, हे निघण्याआधी घरात मोठ्याने बोलून ठरलं. आजी, जावई, नणंद, सगळ्यांसमोर. आमच्या खानदानात हे पहिल्यांदा घडलं.

दुसऱ्या आठवड्यात गिल्बर्टला एका छोट्या ब्रुअरीत गेलो, तिथेच बिअर बनवतात ती. आमच्या ह्यांच्या डोळ्यांसमोर परमिट रूम होती, लाल दिवा, काळा पडदा, खारे शेंगदाणे. तिथे बघतो तर लख्ख उजेड, पोरं रंगीत खडूंनी चित्रं काढतायत, कुणाची तरी आजी सूप पितेय. निवडुंगाच्या बोंडाची गुलाबी बिअर आली, ह्यांनी विचारलं, "सोलकढी आहे का?" पण तिथे एक गोष्ट ऐकली ती डोक्यात राहिली. त्या भागातल्या काही ब्रुअऱ्या व्हर्डे खोऱ्यातल्या बार्लीचं माल्ट घेतात. मका आणि लसूणघास उन्हाळ्यात पाणी पितात, नेमकी तेव्हा व्हर्डे नदी आटलेली असते. बार्लीची तहान हिवाळ्या-वसंतात भागते. म्हणून द नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने शेतकऱ्यांना बार्लीकडे वळवलं, आणि त्या बार्लीचं माल्ट करायची सोय गावातच झाली. नदीत पाणी राहावं म्हणून बिअरचा हिशोब मांडणारी माणसं! बरोबर की चूक ते तज्ज्ञ सांगतील. मला एवढंच दिसलं की पेयाबद्दल त्यांच्याकडे उजेडात बोलता येतं, म्हणून नदीबद्दलही बोलता येतं आणि गाडीच्या किल्लीबद्दलही.

आता खरी गंमत. फोटो काढले. फॅमिली ग्रुपवर टाकायची वेळ आली तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, "ग्लास कापून टाक गं." भाऊजींनी त्यांच्या फोटोखाली लिहिलं, "कृषी पर्यटन." मी माझा फोटो ग्लाससकट टाकला आणि खाली लिहिलं, "विलकॉक्स, वाइनरी." दोन तासांत बडोद्याहून तीन फोन. "वहिनी, मुलं बघतात ग्रुप." "ताई, तिकडे चालतं, पण इकडे दाखवायचं कशाला?" फोन करणाऱ्या तिघांपैकी दोघांच्या कपाटात काय असतं ते मला माहीत आहे. एकाकडे तर हेल्थ परमिट आहे. तब्येतीसाठी!

हसू आलं ना? मलाही आलं. आता जरा हसू बाजूला ठेवा.

मी आठवीत होते तेव्हा आमच्या नात्यातले एक काका गेले. वय ४४. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात सगळे सांगत होते, "कावीळ झाली होती." गव्हाच्या कोठीत बाटल्या असायच्या हे काकूला माहीत होतं, आजीला माहीत होतं, माझ्या आईलाही. काकू हळूहळू अबोल होत गेली. माहेरी सांगायची सोय नाही, कारण शब्दच नव्हता. जो आजार नाहीच, त्यावर डॉक्टर कसा शोधणार? तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने "काविळीने घात केला" म्हटलं आणि काकूने मान हलवली.

काकांच्या मुलालाही तेच सांगितलं. वडील काविळीने गेले. तो मोठा झाला, नोकरीला लागला, मित्रांबरोबर सुरुवात झाली. व्यसनाचा धोका काही अंशी रक्तातून येतो, हे आज डॉक्टर स्पष्ट सांगतात. साखर आणि बीपी घराण्यात आहे का हे आपण पत्रिकेच्या आधी विचारतो. वडिलांना मधुमेह असेल तर मुलाला विशीतच सांगतो, "बाबा रे, जपून." या मुलाला कुणीही सांगितलं नाही. चाळिशीत त्याचे डोळे पिवळे झाले, तेव्हा त्याच्या बायकोने मला विचारलं, "वन्सं, यांच्या घरात काविळीचं काही आहे का हो?" काय उत्तर देणार? मी खरं ते सांगितलं. तो उपचाराला गेला, वाचला, आज सात वर्षं झाली थेंब नाही. पण त्या घरात अजून काही जण माझ्याशी बोलत नाहीत, कारण मी "घराण्याची अब्रू काढली". वाचलेला माणूस अब्रूत मोजत नाहीत वाटतं.

यावर काही जण म्हणतील, "म्हणूनच आमच्या गुजरातेत दारूबंदी आहे ते बरं." मला त्या वादात आज पडायचं नाही, पण इतिहास जरा बघा. ज्या ॲरिझोनात आम्ही सेव खात बसलो होतो, तिथेही १ जानेवारी १९१५ पासून दारूबंदी होती, अख्ख्या अमेरिकेच्या पाच वर्षं आधी. तेव्हा माल मेक्सिकोच्या सीमेपलीकडून यायचा, जसा आपल्याकडे दमणहून येतो. आपला कायदा मूळचा १९४९ चा, मुंबई राज्याचा. १९६० मध्ये दोन राज्यं झाली आणि दोन्हींनी तो घेतला. महाराष्ट्रात अजूनही कागदोपत्री पिण्याचं परमिट लागतं, 'परमिट रूम' हे नाव तिथूनच आलं. पण २००९ मध्ये अहमदाबादला आणि २०२२ मध्ये बोटादला विषारी दारूने माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, बंदी असताना. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराच्या वर गेली, बंदी नसताना. दोन्हीकडे मेले ते गरीब. म्हणजे नुसत्या कायद्याने काम होत नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नाही.

दुसरा आक्षेप, "काकू पिण्याचा प्रचार करतात." अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. तुम्ही थेंबही घेत नसाल तर तुम्हाला नमस्कार. पण मग तो नियम फीनिक्सलाही पाळा. आणि घेत असाल तर बडोद्यालाही कबूल करा. माझी तक्रार न पिणाऱ्यांबद्दल नाही आणि पिणाऱ्यांबद्दलही नाही. ती फोटोतून ग्लास कापणाऱ्यांबद्दल आहे.

आणि एक सांगते. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी मतदान करून दारूची दुकानं बंद पाडली. 'उभी बाटली की आडवी बाटली' असं मतदान व्हायचं, आणि निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं. नवऱ्याचा मार खाऊन, गावगुंडांच्या धमक्या ऐकून त्या चौकात उभ्या राहिल्या आणि 'दारू' हा शब्द मोठ्याने उच्चारला. त्यांच्याकडे शिक्षण कमी, पैसा कमी. आपल्याकडे वाडा होता, पदव्या होत्या, गाण्याच्या बैठका होत्या, आणि तोंडातून निघालं काय? "कावीळ." सुसंस्कृत कोण ते तुम्हीच ठरवा.

आपला दुटप्पीपणा इथेही संपत नाही. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण भट्टी लावणाऱ्याच्या घरी सोयरीक करायची म्हटली की आपल्या कपाळावर आठी. विलकॉक्सला मात्र बागायतदाराशी हात मिळवून "हाऊ आर्टिस्टिक" म्हणतो आपण. तोच घाम, तीच आंबवण्याची विद्या, फक्त पाटी इंग्रजीत.

मग करायचं काय? तीन साध्या गोष्टी सुचवते. एक, मुलं अठरा-वीसची झाली की त्यांच्याशी या विषयावर सरळ बोला. किती, कधी, गाडी कोण चालवणार, आणि 'नको' म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं. दोन, घराण्यात कुणाला हा आजार होता ते पुढच्या पिढीला नाव घेऊन सांगा, जसा मधुमेह सांगता तसा. तीन, आज घरात कुणी बुडत असेल तर त्याच्या बायकोला "सांभाळून घे गं" म्हणू नका. तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा, व्यसनमुक्ती केंद्रात जा, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जा. या सभांना पैसे लागत नाहीत आणि आडनावही विचारत नाहीत. अब्रूची एवढी काळजी असणाऱ्यांची सोय तिथे आधीच करून ठेवली आहे.

या पानावर आपण सगळे आठवणी लिहितो. वाडे, गणपती, सरकारी बँड, आजीच्या हातची पुरणपोळी. वाचायला मला मनापासून आवडतं. पण दर चार आठवणींत एक काका असा असतोच, गोड गळ्याचा, हुशार, आणि "अल्पशा आजाराने" चाळिशीत गेलेला. पुढच्या वेळी त्या काकांबद्दल लिहाल तेव्हा आजाराचं नाव लिहा. त्यांची नातवंडं वाचत असतात.