पंचगंगेकाठचा पोसायडन आणि पेडण्यातील आपली मुले





या अंकात आम्ही एका छोट्या मूर्तीविषयी लिहिणार आहोत. मूर्ती देवाची आहे, पण आपल्या देव्हाऱ्यातील देवाची नव्हे. ग्रीक व रोमन लोक ज्याला समुद्राचा स्वामी मानत, त्या पोसायडनची ही कांस्यमूर्ती. ती सापडली मात्र कोल्हापुरात, पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात. १९४४-४५ च्या सुमारास तेथे कांस्य वस्तूंचा साठा मिळाला आणि त्यानंतर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. या वस्तूंसाठी कोल्हापुरात संग्रहालय उभे राहिले. तेच आजचे टाऊन हॉल संग्रहालय.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, रोमन साम्राज्यातील व्यापारी पावसाळी वाऱ्यांच्या आधाराने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण, चौल ही बंदरे आणि पैठण, तेर या बाजारपेठा यांचा उल्लेख आहे. इथून मिरी, सुती कापड, मणी, हस्तिदंत जाई. तिकडून मद्याचे कुंभ, कांस्याची भांडी आणि सोन्याचांदीची नाणी येत. बैलांच्या पाठीवरून घाट चढून हा माल देशावर पोचे. आपण कोकणपट्टीतील माणसे; समुद्र आणि घाट यांना जोडणाऱ्या वाटा आपल्याला नव्याने सांगायला नकोत.

देवघेव दोन्हीकडून होती. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. ती आज इटलीतील नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. म्हणजे कोल्हापुरातील पोसायडनची गोष्ट इटलीवाचून अपुरी आणि पॉम्पेईतील त्या मूर्तीची गोष्ट मराठवाड्यावाचून अपुरी. असा वारसा कोणा एका देशाला एकट्याने सांगताच येत नाही. आंतरराष्ट्रीय सहकार्य हवे ते याच कारणासाठी.

असे सहकार्य अलीकडे घडलेही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्राचीन बौद्ध कलेचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा कोल्हापूरचा पोसायडन तेथे मांडला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात उलट वाट दिसली. ब्रिटिश म्युझियम, बर्लिनची सरकारी संग्रहालये आणि अमेरिकेचे गेटी म्युझियम यांनी ग्रीस, रोम, इजिप्त, असिरिया येथील शिल्पे उसनी दिली आणि ती भारतीय शिल्पांशेजारी ठेवण्यात आली. विमानाच्या तिकिटाचा खर्च न झेपणाऱ्या मुलालाही ती मुंबईत पाहता आली.

काही पालक विचारतात, आपल्या वस्तू परदेशी पाठवाव्यातच कशाला? गेलेली वस्तू परत येते का? शंका रास्त आहे. आपल्या मंदिरांतील कितीतरी मूर्ती चोरीने परदेशी गेल्या, हे खरेच. पण चोरी वेगळी आणि उसनवारी वेगळी. उसनवारीत करार असतो, मुदत असते, विमा असतो आणि वस्तू कोणाची हे प्रत्येक फलकावर लिहिलेले असते. चोरी थांबवण्यासाठी १९७० चा युनेस्कोचा करार आहे, आपल्या देशाचा १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. चोरीच्या भीतीने उसनवारी बंद केली, तर बाजारात पाकीटमार आहेत म्हणून बाजारच बंद करण्यासारखे होईल.

मात्र आमचा आग्रह दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. हा वारसा न्यूयॉर्कला पोचतो, मुंबईला पोचतो. पण धारगळला पोचतो का? आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्या पुस्तकांत पॉम्पेई होते, रोमचे सम्राट होते, ब्रह्मपुरी नव्हती. आजही या विषयावरचे चांगले लेखन बहुतेक इंग्रजीत, जाड आणि महाग ग्रंथांत असते. वारसा वाटून घ्यायचा म्हणजे दोन मोठ्या संग्रहालयांनी आपापसांत वस्तू बदलायच्या एवढेच नव्हे. ज्या मातीतून वस्तू निघाली तिथल्या मुलांना, त्यांच्या भाषेत, तिची गोष्ट कळली पाहिजे. प्रत्येक आंतरराष्ट्रीय करारात हे एक कलम असावे: वस्तू परदेशी जाईल, तर तिची हुबेहूब प्रतिकृती आणि मराठीतील सोपी माहितीपुस्तिका जवळपासच्या शाळांना मिळेल. खर्चाच्या मानाने ही मागणी फार मोठी नाही.

हे आपल्या अंगणातही लागू आहे. शापोरा नदी ओलांडली की पलीकडे कोलवाळ. तेथील मुशीर येथे १९३० मध्ये फादर हेरास यांना बुद्धाची प्राचीन पाषाणमूर्ती मिळाली. ती आज मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजातील हेरास संस्थेत जपून ठेवलेली आहे. जपली गेली, हे उपकारच. पण धारगळातील किती मुलांना ती ठाऊक आहे? पूल ओलांडून रोज म्हापशाला जाणाऱ्या मोठ्यांपैकी तरी किती जणांना? जी मूर्ती आपल्यापासून हाकेच्या अंतरावर सापडली, तिची प्रतिकृती पेडण्यात नसावी, याला परदेशी संग्रहालये जबाबदार नाहीत.

तेर गावचे उदाहरण आपण घ्यावे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत आणि शेतांत मिळणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. त्यांच्या संग्रहातून आज त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय उभे आहे आणि जगभरचे अभ्यासक तेरची वाट धरतात. हे काम एका गावकऱ्याने सुरू केले, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

आमच्या तीन सूचना आहेत. पहिली विश्वस्त मंडळाला. यंदाची नववीची सहल आंबोलीमार्गे कोल्हापूरला न्यावी. वॉटर पार्कची सहल मुलांना आवडते, पण एका वर्षी ती चुकली तर फारसे बिघडणार नाही. आधी संग्रहालयाशी पत्रव्यवहार करावा, म्हणजे माहिती सांगणारा जाणकार मिळेल. तसेच हेरास संस्थेला पत्र पाठवून कोलवाळच्या मूर्तीचे मोठे छायाचित्र आणि शक्य झाल्यास प्रतिकृती मागावी.

दुसरी सूचना पालकांना. महामार्ग, मोपा विमानतळ, नवनवी बांधकामे यांमुळे आपल्या तालुक्यातील माती गेल्या काही वर्षांत जेवढी उकरली गेली तेवढी पूर्वी क्वचितच उकरली गेली असेल. विहीर खणताना, पाया काढताना जुने नाणे, खापर, कोरीव दगड मिळाला तर तो जागेवरून हलवू नका आणि विकू तर मुळीच नका. पंचायतीला व पुरातत्त्व खात्याला कळवा. वस्तू कुठे आणि किती खोल मिळाली हे कळले नाही, तर तिची निम्मी गोष्ट कायमची हरवते.

तिसरी विद्यार्थ्यांना. आपल्या वाड्यावरील जुनी तळी, वीरगळ, सतीशिळा, मोडकी देवळे यांची वही करा. नाव, जागा, आजी-आजोबांनी सांगितलेली हकिगत, एक चित्र. उत्तम वह्यांतील मजकूर पुढील अंकात छापू.

परदेशातील एखाद्या शाळेतून उद्या पत्र आले आणि त्यांनी विचारले, ‘तुमच्या गावाजवळ काय सापडले?’ तर आपल्या मुलांना उत्तर देता आले पाहिजे. सहकार्य बरोबरीच्या नात्याने व्हायचे असेल, तर आपल्याकडे सांगण्याजोगे काय आहे ते आधी आपल्याला ठाऊक हवे. वह्या दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.

आपले,
मुख्याध्यापक