पुरुष कुठे होता?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत चित्रपट आणि नीतिमत्तेवर आलेला लेख वाचला. ख्रिस्ती लोकांना पडद्यावर जिकडेतिकडे पाप दिसतं आणि शरीरसंबंधांविषयीची त्यांची मतं म्हणजे साहेबाबरोबर आलेला सोवळेपणा, असा लेखाचा रोख आहे. मी त्याच लोकांपैकी. शरीरसंबंध लग्नातच, लग्न एकाचं एकीशी आणि मरेपर्यंत, ही शिकवण माझ्या आईवडिलांनी पाळली, मी पाळली आणि ती मला आजही खरी वाटते. म्हणून हे उत्तर.

वडील नगर जिल्ह्यातून पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये नोकरीला आले. आईच्या अंगावर पाचवारी साडी, गळ्यात काळे मणी आणि मध्ये छोटा क्रूस. 1975 साली 'ज्युली' आला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि ताई चौदाची. सिनेमातली ज्युली ख्रिस्ती घरातली. बाप दारू पिणारा, मुलगी लग्नाआधी गरोदर राहते. पोस्टर लागले आणि शाळेच्या वाटेवर पोरं ताईला 'ए ज्युली' म्हणून हाका मारू लागली. ताईचं नाव अगदी मराठी होतं, पण आडनाव सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं दोन महिने वाट बदलली, रुळांच्या कडेनं जायची. कॅबरे नाचणारी, खलनायकाच्या मांडीवर बसणारी बाई हिंदी सिनेमात रोझी नाहीतर लिली का असते, हे कुणीतरी आम्हाला समजावून सांगावं. आमच्या आया-बहिणींना ज्यांनी पन्नास वर्षं असं रंगवलं, त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी आज आम्हालाच सोवळे म्हणावं, हे मनाला लागतं.

सिनेमाशी आमचं वैर नाही. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहिला आणि तो पाहताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम-कृष्ण उभे राहिले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यातून 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' झाला. पडद्यावर पाप दाखवूच नये, असंही मी म्हणत नाही. दावीद राजानं उरियाची बायको बथशेबा हिला बोलावून घेतलं आणि पुढे उरियालाच लढाईत मारवलं, ही गोष्ट आमच्या पवित्र शास्त्रात काहीही न लपवता सांगितली आहे. पण ती सांगणाऱ्याची नजर बथशेबाच्या अंगावर रेंगाळत नाही. नाथान संदेष्टा बोट दाखवतो ते राजाकडे. प्रभातच्या 'माणूस'मध्ये 1939 साली शांतारामबापूंनी एका पोलीस शिपायाची आणि मैना नावाच्या वेश्येची गोष्ट सांगितली. मैनेचं दुःख सगळं दिसतं, तिचा बाजार मात्र प्रेक्षकापुढे मांडला जात नाही. माझा आक्षेप या नजरेपुरता आहे.

आता साहेबाच्या सोवळ्याविषयी. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात वाट चुकलेल्या म्हणून समाजानं टाकलेल्या स्त्रियांना तिथल्या सिस्टर मायेनं सांभाळत होत्या, ते त्यांनी पाहिलं. असं का करता, हे विचारल्यावर सिस्टरांनी येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट काढली. पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू विहिरीवर बसून धर्माच्या गोष्टी बोलतो, हे रमाबाईंच्या काळजात शिरलं. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये फसवल्या गेलेल्या बायकांसाठी त्यांनी कृपासदन काढलं. आपल्या पुणे जिल्ह्यातलं केडगाव, लांबचं नाही. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' तर त्याही आधीची, 1857 ची, आणि तिचा विषय विधवांचे हाल. मराठी ख्रिस्ती माणसाची नीती या बायकांच्या अश्रूंतून आली आहे. ती पुरुषाला आधी विचारते, तू कुठे होतास?

येशूपुढे व्यभिचारात धरलेली बाई आणली तेव्हा तिला धरून आणणारे सगळे पुरुष होते, आणि तिच्याबरोबरचा पुरुष कुणी आणलाच नव्हता. लहानपणापासून ही गोष्ट ऐकतो आहे, पण आम्ही तिच्यातून पुरेसं शिकलो नाही, हे मला मान्य करावंच लागेल. आम्हाला लागू असलेला घटस्फोटाचा कायदा 1869 चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराला क्रूरपणाची किंवा टाकून दिल्याची जोड द्यावी लागे. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि 2001 मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला. तोवर 132 वर्षं गेली. त्या काळात आमच्या व्यासपीठांवरून पावित्र्यावर किती प्रवचनं झाली असतील! या कलमावर एकही झालेलं मला आठवत नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं व्यभिचाराचं 497 कलम रद्द केलं तेव्हा आमच्यातले बरेचजण संतापले. ज्या कलमात नवऱ्याची संमती असली की गुन्हाच होत नव्हता, ते ख्रिस्ती शिकवणीचं रक्षण करत होतं असं मी कसं म्हणू? त्याच वर्षीच्या, समलिंगी संबंधांबाबतच्या 377 कलमाच्या निकालाबद्दलही माझी तक्रार नाही. लग्न स्त्री-पुरुषांचंच, असं मी मानतो आणि मानत राहीन. पण माझ्याशी न पटणाऱ्याला तुरुंगात घाला, असं माझा धर्म मला सांगत नाही.

बंदीचंही तसंच. 2006 साली 'द दा विंची कोड' या सिनेमाच्या विरोधात मी घरोघर जाऊन सह्या गोळा केल्या होत्या. गोव्यासह काही राज्यांनी तो रोखला. आज तो कुणाच्याही खिशात आहे. केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये अश्लीलतेसाठी 18 ओटीटी मंच बंद केले, जुलै 2025 मध्ये आणखी 25. त्यानंतरची गोष्ट सांगतो. निवृत्तीनंतर मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम कंत्राटावर करतो. पहिली पाळी सुटली होती, बस तळेगाव चौकात अडकली होती. मागच्या बाकावर पाच पोरं एका मोबाइलवर वाकलेली. आवाज कमी होता, तरी कशाचा ते कळत होतं. पुढच्या सीटवरच्या अप्रेंटिस मुलीनं ओढणी डोक्यावरून घेतली आणि मोशी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. मी उठून फोन बंद करायला सांगितलं. पोरानं लगेच केला, ‘सॉरी काका’ म्हणाला. लातूरकडचा होता, एकोणीस-वीसचा, कुरुळीला सहाजणांत एक खोली, कॉट बेसिसवर. तो उतरताना मी विचारलं, या विषयावर तुझ्याशी कधी कुणी नीट बोललंय का? तो मान हलवून नाही म्हणाला. वडील नाही, शिक्षक नाही, कुणीच नाही. बाईविषयी जे काही त्याला माहीत आहे ते त्या पाच इंचांच्या काचेतून आलेलं. अशा पोरांशी बोलणं हे बंदीपेक्षा अवघड काम आहे, आणि ते आमच्या मंडळीनंही, म्हणजे चर्चनंही, टाळलं आहे.

आपल्याकडे एक मागणी आहे. 2023 च्या कायद्यानं यूए प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 वर्षं असे तीन टप्पे केले. आपल्या सिनेमाच्या पानावर चांदण्या छापता, तिथंच हा आकडाही छापा. थिएटरच्या दारात पोचेपर्यंत आईबापांना तो कळत नाही.

आणि एक गोष्ट आमच्या घरातली. आमच्या मंडळीतली एक मुलगी मागच्या वर्षी लग्नाआधी गरोदर राहिली. पंचांनी तिला प्रभुभोजनापासून थांबवलं, गायनमंडळातून काढलं. मुलगाही आमचाच. तो भोसरीकडच्या दुसऱ्या मंडळीत जाऊ लागला आणि तिथं आता उपासनेत गिटार वाजवतो. तिची आई सगळ्यात मागच्या बाकावर बसते आणि शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत निघून जाते. त्या निर्णयाच्या वेळी मी बैठकीत होतो आणि गप्प बसलो. येत्या रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक आहे. मुलीला परत बोलवावं आणि मुलाबद्दल त्या मंडळीच्या पाळकसाहेबांना लिहावं, असा अर्ज मी दिला आहे. खाली सही करून.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, मोशी