पहिल्या श्वासाचे ऋण

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द जलाशयाकाठी ओल्या दगडावर हिरवट-निळा बुळबुळीत थर दिसतो. पाय घसरेल म्हणून आपण तो टाळतो. पण सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला, तो अशाच नील-हरित जिवाणूंमुळे. सूर्यप्रकाशात पाण्याचे विघटन करण्याची किमया त्यांना साधली होती.

तुमसर तालुक्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणीही प्राणवायूचीच साक्ष देतात. प्राचीन समुद्रात विरघळलेले मँगनीज प्राणवायू मिळताच साका होऊन तळाशी बसले.

आज नागपूरचे सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांमधून वैनगंगेत उतरते. त्यावर माजलेले हेच जिवाणू आणि शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायूच संपवतात. श्वास देणाऱ्यांना आपणच मारक बनवतो आहोत.

हा अंक त्या आदिजीवांचा. वाचताना वैनगंगा आठवा, तिच्यासाठी बोला.