खिशातली मार्गदर्शिका: लंडनचा बेडेकर आणि आपली स्थानपोथी

१/ एखाद्या शहरात काय पाहायचे, हे कोण ठरवते? माझ्या मते बहुतेक वेळा आपल्या हातातले पुस्तक ठरवते. म्हणून प्रवासी मार्गदर्शिका हे इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. हा थ्रेड लंडनपासून सुरू होतो आणि बुलडाणा जिल्ह्यात येऊन थांबतो.

२/ एकोणिसाव्या शतकात युरोप पाहणाऱ्यांच्या खिशात लाल कापडी बांधणीचे एक छोटे पुस्तक असे. त्याचे नाव बेडेकर. लोणच्याचे नव्हेत, जर्मनीतील प्रकाशक कार्ल बेडेकर. त्यांच्या संस्थेने १८७८ साली लंडनची इंग्रजी मार्गदर्शिका काढली. घडीचे नकाशे, पायी फिरण्याचे मार्ग, दर, वेळा, सारे त्यात होते. परक्या राजधानीत वाटाड्यावाचून फिरता येऊ लागले. हे मोठेच स्वातंत्र्य होते.

३/ पण बेडेकरची खरी सत्ता होती ती ताऱ्यांत. पाहण्याजोग्या वास्तूपुढे तारा आणि विशेष महत्त्वाच्या वास्तूपुढे दोन तारे. तारा नसलेली गल्ली प्रवाशाच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नसे. सोयीसाठी केलेली खूण हळूहळू मूल्यनिर्णय बनली.

४/ या ताऱ्यांचा सर्वांत विदारक उपयोग १९४२ साली झाला. बेडेकरमध्ये तारांकित असलेली ब्रिटनमधील प्रत्येक इमारत लक्ष्य करू, अशा अर्थाचे विधान एका जर्मन प्रवक्त्याने केले. एक्झेटर, बाथ, नॉर्विच, यॉर्क, कँटरबरी या ऐतिहासिक शहरांवर बॉम्ब पडले. ते हल्ले आजही ‘बेडेकर हल्ले’ म्हणूनच ओळखले जातात.

५/ आता आपल्याकडे वळू. मार्गदर्शिका ही युरोपची देणगी आहे, असे आपण सहज गृहीत धरतो. परंतु मराठीत चौदाव्या शतकातच ‘स्थानपोथी’ सिद्ध झाली होती. चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले, त्या स्थळांची ही महानुभाव पंथातील नोंदवही. लीळाचरित्र प्रसंग सांगते, तर स्थानपोथी तो प्रसंग नेमका कुठे घडला ते सांगते.

६/ तिची पद्धत पाहा. गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कुणीकडे, कोणत्या बाजूस काय. मुक्काम लांबला असेल तर ‘अवस्थान’, रात्रीपुरता असेल तर ‘वसती’, नुसते बसणे झाले असेल तर ‘आसन’. येथे सौंदर्याची प्रतवारी नाही, स्थळाची अचूकता आहे. पुढे देऊळ पडले किंवा नव्याने बांधले गेले, तरी दिशेची नोंद टिकते. म्हणूनच यादवकालीन गावांचा अभ्यास करणाऱ्याला ती अमूल्य वाटते.

७/ तिच्याही मर्यादा आहेत. जिथे स्वामींचे चरण लागले नाहीत, तिथे पोथी मौन पाळते. तीही निवडच करते, पण निवडीचा निकष लपवत नाही. कोणत्याही मार्गदर्शिकेकडून एवढ्या प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवायला हवी.

८/ आपल्या जिल्ह्याचे तिच्याशी दुहेरी नाते आहे. मेहकर आणि लोणार ही चक्रधरांच्या भ्रमणातील गावे. आणि स्थानपोथी, लीळाचरित्र हे ग्रंथ संपादित करून अभ्यासकांपुढे ठेवणारे डॉ. वि. भि. कोलते मलकापूर तालुक्यातील नरवेलचे.

९/ आणि आज? लोणारला येणारा बहुतेक जण विवराच्या काठावर छायाचित्र काढतो आणि परततो. गावातच असलेले दैत्यसूदनाचे देऊळ अनेकांचे राहून जाते. सिंदखेडराजात १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी अफाट गर्दी लोटते, मात्र लखुजीराव जाधवांची समाधी, मोती तलाव, सजना बारव यांच्याकडे वळणारी पावले थोडी. रीलच्या युगात तारे देणारा हात बदलला, तारे तेच राहिले.

१०/ ‘नकाशा मोबाइलमध्ये आहेच, मग पुस्तक कशाला?’ असे कोणी म्हणेल. नकाशा दारापर्यंत नेतो. दारात उभे राहून काय पाहायचे, ते सांगत नाही. ‘माहिती पसरली की गर्दी वाढते, नासधूस होते’ हा आक्षेप अधिक गंभीर आहे. परंतु नोंदच नसलेली वीरगळ पायरीखाली गेली, किंवा शिल्पावर ऑइलपेंट चढला, तर काय गमावले हेही कोणाला कळत नाही.

११/ म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे: आपल्या गावाची स्थानपोथी आपणच लिहावी. खिशात मावेल अशी वही पुरे. वास्तूचे तोंड कोणत्या दिशेला, पाणी कुठून येते, दगड कोणता, सुटे शिल्प कुठे पडले आहे, गावकरी त्याला काय म्हणतात आणि आपण ते कोणत्या तारखेला पाहिले, एवढ्या सहा गोष्टी नोंदवाव्यात.

१२/ तारे देऊ नयेत, दिशा लिहावी. पुढे कोणी ती बारव शोधायला आला, तर सुंदर होती की नाही हे त्याचे तो ठरवील. ती कुठे होती, एवढे त्याला आपल्या वहीतून कळले पाहिजे.